हात कशावर बसतो?

घरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी योक कोणता घ्यावा, यावरचे व्हिडिओ बघायला बसलात तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. सगळे मोजत असतात. बटणं किती, स्विच किती, चाक किती अंश फिरतं, टेबलाला कसा बसतो, खोक्यात सोबत काय येतं. मोबाइलचा रिव्ह्यू ऐकल्यासारखं वाटतं. हाताला काय कळतं, याबद्दल मात्र फार तर एक वाक्य येतं : ‘फील मस्त आहे.’ गंमत अशी की योक हे यंत्र हातासाठीच आहे. डोळ्यांसाठी मॉनिटर आहे, कानांसाठी हेडफोन आहे. हातासाठी काहीच नसतं, म्हणून तर आपण पाच आकडी रक्कम मोजून हे धूड टेबलाला आवळतो.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी : योक म्हणजे विमानाचं ते अर्धवट स्टिअरिंग. डावी-उजवीकडे फिरवलं की विमान त्या बाजूला कलतं. स्वतःकडे ओढलं की नाक वर, पुढे ढकललं की नाक खाली. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर किंवा एक्स-प्लेन खेळणारे बरेच जण कीबोर्डवरून जॉयस्टिकवर येतात आणि मग कधीतरी योकची स्वप्नं बघू लागतात. मीही बघितली. दोन वर्षं माझ्या टेबलावर एक योक आहे, आणि मित्रांच्या घरी आणखी तीन-चार हाताळून झालेत. मला इथे या यंत्राकडे एखाद्या अनुवादाकडे बघावं तसं बघायचं आहे. मूळ विमान हाताशी काहीतरी बोलतं. घरचा योक ते आपल्या भाषेत आणू बघतो. तर मुळातलं काय आलं, काय गळलं, आणि अनुवादकाने पदरचं काय घातलं?

मुळात हे चाक आलं कुठून?

राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानात ना चाक होतं ना आजच्यासारखी दांडी. वैमानिक पालथा झोपायचा, कमरेभोवतीचा पाळणा हलवून पंखांना पीळ द्यायचा आणि नाक वर-खाली करायला एक लिव्हर वापरायचा. पुढच्या काही वर्षांत युरोपात दोन पायांच्या मधला दांडा रुळला. चाकाची पद्धत फ्रान्सच्या देपरदुसाँ विमानांमुळे इतकी ओळखीची झाली की सुरुवातीच्या काळात तिला ‘देपरदुसाँ कंट्रोल’ असंच म्हणत. चाक मोठ्या विमानांत टिकलं, कारण तिथे जोर लागायचा. पंखांवरच्या फळ्या थेट केबलने हाताला जोडलेल्या असत, आणि वारा त्या फळ्यांना उलट ढकलत असे. दोन हातांनी धरता येणारं चाक असलं की तरफेचा फायदा मिळतो.

म्हणजे योक जन्माला आला तोच जोर लावण्यासाठी आणि जोर सोसण्यासाठी. हे लक्षात ठेवलं की पुढचं बरंच सोपं होतं.

१९८८ मध्ये एअरबसचं ए३२० प्रवासी सेवेत आलं आणि त्यात चाक नव्हतंच. बाजूला एक छोटी दांडी, तिच्यातून निघणारे इलेक्ट्रिक सिग्नल आणि मध्ये कंप्युटर. बोइंगने १९९५ मध्ये सेवेत आलेल्या ७७७ मध्ये मधोमध कंप्युटर आणले, पण चाक ठेवलं. एवढंच नाही, तर ऑटोपायलट चालू असताना ते चाक हलत राहावं आणि वैमानिकाला काय चाललंय ते दिसावं, हाताला लागावं, म्हणून यंत्रणा बसवली. दोन कंपन्यांमधला हा वाद आहे तो हाताला किती सांगायचं याचाच.

आता आपल्याकडे या. पुण्याहून किंवा मुंबईहून इंडिगोने जाताना तुम्ही बहुतेक वेळा ए३२० च्या कुटुंबातल्याच विमानात बसलेले असता. सिम्युलेटरमध्ये तुम्हाला तेच उडवायचं असेल, तर योक घेऊच नका. ए३२० ची खरी साइडस्टिकही आतून स्प्रिंगवरच चालते. हात सोडला की मध्यावर येते, आणि हवेचा जोर तिच्यातून हाताला कळत नाही. ट्रिमचं काम नेहमीच्या उड्डाणात विमान स्वतः करतं. म्हणजे दोन-तीन हजारांची साधी जॉयस्टिक ए३२० च्या जितकी जवळ जाते, तितका महागडा योकसुद्धा सेस्नाच्या जवळ जात नाही. घरच्या सिमच्या जगातली ही सगळ्यात मजेशीर उलटापालट आहे, आणि ती कुठल्याही खोक्यावर छापलेली नसते.

अकासाचं ७३७ मॅक्स, कोल्हापूर-जळगावसारख्या ठिकाणी उतरणारं एटीआर, किंवा सेस्ना १७२ सारखं छोटं विमान आवडत असेल तर मात्र योकची गोष्ट सुरू होते.

सेस्ना हाताला काय सांगते

१९५५ मध्ये पहिल्यांदा उडालेलं सेस्ना १७२ हे जगात सगळ्यात जास्त संख्येने बनलेलं विमान. ४४,००० हून जास्त. त्याचा योक केबल आणि कप्प्यांमधून थेट फळ्यांना जोडलेला असतो. मध्ये कंप्युटर नाही, हायड्रॉलिक नाही. वारा फळीला ढकलतो, ते तुमच्या मनगटाला कळतं.

वाऱ्याचा हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १२० नॉटने चाललेल्या सेस्नाचा योक जितका घट्ट लागतो, त्याच्या साधारण एक चतुर्थांश घट्टपणा ६० नॉटला उरतो. म्हणजे लँडिंगच्या वेळी योक ढिला होतो. तेवढाच परिणाम हवा असेल तर तो जास्त फिरवावा लागतो, आणि विमान जरा उशिरा ऐकतं. वेग आणखी पडला, स्टॉल जवळ आला, की हे ढिलेपण लोण्यात चमचा फिरवल्यासारखं होतं. काट्याकडे न बघताही वैमानिकाला कळतं की आपण हळू झालो. हा हाताचा स्पीडोमीटर आहे.

दुसरी गोष्ट ट्रिम. पॅनेलखाली एक उभं चाक असतं. ते फिरवलं की मागच्या एलिव्हेटरच्या कडेला असलेली छोटी पट्टी हलते आणि वारा स्वतःच एलिव्हेटरला नव्या जागी धरून ठेवतो. समजा विमान हळू करायचं आहे. तुम्ही योक ओढता, हातावर वजन येतं. योक आहे तिथेच धरून ट्रिमचं चाक फिरवत जाता, आणि हातावरचं वजन उतरत उतरत शून्य होतं. आता हात सोडला तरी योक त्याच नव्या जागी राहतो. त्याचा मध्यच सरकलेला असतो.

घरचा योक काय सांगतो

घरच्या बहुतेक योकमध्ये स्प्रिंग असते. स्प्रिंगला वेग कळत नाही. रनवेवर उभं असताना योक जितका घट्ट, तितकाच ढगात, तितकाच स्टॉलमध्ये. तिला फक्त एवढंच ठाऊक की तुम्ही मध्यापासून किती लांब गेलात. म्हणजे खरं विमान स्टॉलकडे जाताना ढिलं पडतं, आणि घरी नेमक्या त्याच वेळी तुम्ही योक पोटाशी ओढलेला असल्यामुळे स्प्रिंग सगळ्यात जास्त ताणलेली असते. हात ‘सगळं घट्ट आहे’ म्हणतो आणि विमान पडत असतं.

शिवाय स्प्रिंगचा मध्य सरकत नाही. खऱ्या विमानात योक स्थिर धरून ट्रिम करायचं. घरी ट्रिम फिरवत जायचं आणि त्याच वेळी, बरोबर तेवढ्याच वेगाने, योक मध्यावर परत सोडत जायचं. ही वेगळीच कसरत आहे. जमते, आठवड्याभरात जमते. पण जमते ती घरचा योक चालवण्याची कला.

मराठीत आपण ‘हात बसला’ म्हणतो. तबल्यावर बसतो, पोळ्या लाटण्यावर बसतो. एकदा बसलेला हात उठवणं अवघड, हे कुठलेही शिकवणारे सांगतील. माझा एक कॉलेजचा मित्र नोकरी सोडून फ्लाइंग स्कूलला गेला. घरच्या सिमवर त्याचे शेकडो तास झालेले. रेडिओवरचं बोलणं, चेकलिस्ट, नकाशा, सर्किट, सगळं त्याला इतरांच्या आधी आलं. पण इन्स्ट्रक्टर पहिले काही दिवस एकच वाक्य म्हणत राहिले : “हात ढिला सोड, विमान आपलं आपण उडतं.” तो योक आवळून धरायचा आणि ट्रिम करताना हात आपोआप मध्याकडे सोडायचा. प्रत्येक वेळी नाक खाली. आपल्याकडे कमर्शियल लायसन्ससाठी २०० तास उडावं लागतं आणि एकेका तासाची किंमत पाच आकडी असते. त्यातले काही तास त्याने घरी बसलेला हात उठवण्यात घालवले. योकच्या निवडीला छंदापलीकडे काही अर्थ आहे तो इथे. आणि ज्यांना कधीच खरं विमान उडवायचं नाही, त्यांनाही आपला हात कशावर बसतोय हे माहीत असायला काय हरकत आहे?

चार अनुवाद

बाजारात नेहमी दिसणारे चार योक घेऊ. नवशिक्याच्या यादीत ते फिरून फिरून येतात.

लॉजिटेकचा योक म्हणजे मूळचा साइटेकचा. २०१६ मध्ये लॉजिटेकने साइटेक विकत घेतली आणि नावाची पट्टी बदलली. हा साधारण ९० अंश फिरतो, म्हणजे प्रत्येक बाजूला ४५. खऱ्या सेस्नाचा योक याच्या जवळपास दुप्पट फिरतो. त्यामुळे सगळी हालचाल अर्ध्या जागेत कोंबलेली. दुसरं म्हणजे त्याच्या मध्यावर एक खाच आहे, चाक तिथे येऊन बसतं. अडचण अशी की विमान उडवताना नव्वद टक्के काम या मध्याच्या आसपासच असतं. खाचेतून बाहेर पडायला जोर लावायचा आणि बाहेर पडताच तो जास्त झालेला असतो. मग उलट दुरुस्ती, पुन्हा खाच. छंदिष्ट लोक हा योक उघडून आतली स्प्रिंग काढतात आणि इलॅस्टिकची दोरी लावतात, त्यामागचं कारण हेच. पण सोबत तीन लिव्हरचं थ्रॉटल येतं आणि वापरलेला योक सहज मिळतो, हेही तितकंच खरं.

हनीकोंबचा अल्फा २०१९ च्या सुमारास आला आणि त्याने नेमकं हेच दुखणं हातात घेतलं. १८० अंश फिरणारं चाक, मध्यावर खाच नाही. अनुवादकाने मूळ वाचल्याची ही खूण. पण त्याच्या बुडाशी मास्टर, एव्हिऑनिक्स, दिवे आणि इंजिनाची किल्ली अशी स्विचची रांग आहे, आणि फोटोंमध्ये सगळ्यांची नजर तिकडेच जाते. किल्ली फिरवून इंजिन चालू करण्यात मजा आहे, नाकारत नाही. पण ती किल्ली एका उड्डाणात मोजून दोनदा लागते. मध्याभोवतीचा मऊपणा सेकंदासेकंदाला लागतो. अल्फाची खरी करामत दुसरी आहे आणि विकली जाते पहिली.

टर्टल बीचचा व्हेलॉसिटीवन फ्लाइट २०२१ चा. तोही १८० अंश फिरतो, एक्सबॉक्सवर चालतो आणि त्याच्यासोबत ट्रिमचं चाक येतं. वर सांगितलेलं ट्रिमचं रामायण बघता हे चाक पॅकमध्ये असणं ही समजूतदार गोष्ट आहे. मध्य सरकत नाहीच, पण बटण दाबत बसण्यापेक्षा चाक फिरवण्याची सवय तरी लागते. योकवरच रडरची सोयही आहे, म्हणजे पायाचे पेडल नसलेल्यांचं अडत नाही.

थ्रस्टमास्टरचा टीसीए योक बोइंगच्या अधिकृत नावाने येतो, ७८७ च्या चाकासारखा दिसतो आणि तोही एक्सबॉक्सवर चालतो. बाकीचे तिघे नळी आत-बाहेर सरकवतात. हा झुलतो. मोठ्या बोइंगमध्ये चाक जमिनीतून वर आलेल्या खांबावर असतं, त्या हालचालीची ही नक्कल. नळी घासण्याचा प्रश्न त्यामुळे निकालात निघतो आणि हालचाल सलग लागते. मोठं विमान उडवणाऱ्याला हा सगळ्यात प्रामाणिक वाटेल. सेस्नावाल्याला मात्र हे दुसऱ्याच पुस्तकाचं भाषांतर आहे.

सॉफ्टवेअर कुठवर सावरतं

दिवसभर कोड लिहिणाऱ्याला मोह होतो : हार्डवेअर कसंही असू दे, सेटिंगमध्ये बघून घेऊ. काही प्रमाणात खरंही आहे. सिममध्ये प्रत्येक अक्षासाठी वक्ररेषा बदलता येते. मध्यावर सौम्य, टोकाला तीव्र अशी रेषा ठेवली की ९० अंशांचा योक बराच माणसाळतो. पण यात फसगतही आहे. मध्य सौम्य केला की टोकाशी विमान अंगावर येतं. कोंबलेली हालचाल फक्त एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाते.

‘डेड झोन’ हा दुसरा उपाय. मध्याभोवती एक पट्टा असा ठेवायचा की तिथली हालचाल सिमने ऐकायचीच नाही. सेन्सर झिजून थरथरत असेल तर तो लागतो. पण खाच आणि डेड झोन एकत्र आले की उड्डाणातला सगळ्यात मोलाचा भागच मुका होतो.

जाहिरातीत बिटांचा गवगवा असतो, त्याचंही गणित करून बघा. १० बिट म्हणजे १,०२४ पायऱ्या. १८० अंशांत वाटल्या तर एक पायरी ०.१८ अंशाहून कमी. १२ बिट म्हणजे ४,०९६ पायऱ्या, एक पायरी साधारण ०.०४ अंश. आपलं मनगट इतकं बारीक हलतच नाही. खरा शत्रू आहे घर्षण. हळूच ओढावं, काही होऊ नये, आणखी ओढावं आणि एकदम सुटावं. ही उडी झाली की सेन्सर तिची अगदी अचूक नोंद घेतो. चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर घासत नाही म्हणून टिकतो, हे खरं. पण अडकणारी नळी तो सरळ करू शकत नाही.

खरा उपाय म्हणजे मोटर असलेला योक. स्वित्झर्लंडच्या ब्रुनरचे असे योक आधीपासून आहेत आणि आता मोझाही त्यात उतरलीय. सिम सांगतं तसा मोटर जोर बदलते. वेग वाढला की घट्ट, पडला की ढिला, आणि ट्रिम फिरवली की मध्य सरकतो. वरची दोन्ही दुखणी मिटतात. किंमत ऐकली की तिसरं सुरू होतं. साध्या योकच्या कितीतरी पट पैसे जातात, आणि त्या पैशांत खऱ्या विमानात काही तास शिकता येतं. तरी अनुवाद म्हणून विचाराल तर आजचा सर्वांत चांगला अनुवाद हाच.

मग घरचा योक कशासाठी?

अमेरिकेतल्या बिंगहॅम्टनमध्ये एडविन लिंकच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गनचा कारखाना होता. त्याने ऑर्गनचे भाते आणि पंप वापरून १९२९ मध्ये एक हलतं-डुलतं छोटं विमान बनवलं. आपल्या पेटीच्या भात्याचाच हा मोठा भाऊ. ते जत्रांमधलं खेळणं म्हणूनही विकलं गेलं. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल वाहायची वेळ आली आणि खराब हवेत कित्येक जण दगावले. तेव्हा कुठे लष्कराने लिंकची सहा यंत्रं घेतली. घेतली ती विमानाचा ‘फील’ शिकवायला नव्हे. बाहेर काही दिसत नसताना अंगाला काय वाटतं ते बाजूला ठेवून काट्यांवर विश्वास कसा ठेवायचा, हे शिकवायला. सिम्युलेटरचा पहिला मोठा विजय तो हाच.

माझ्या मते घरच्या सिमचं बळ आजही तिथेच आहे. जुलैच्या ढगांत लोहगावहून निघून, घाटमाथा ओलांडून मुंबईकडे काट्यांवर जायचं असेल तर स्प्रिंगचा योक पुरतो. अट एकच, त्याने मध्ये मध्ये बोलू नये. त्यामुळे योक हातात आला की मी कोणालाही एकच चाचणी करायला सांगतो. डोळे मिटा. मध्यापासून दोन-तीन अंश डावीकडे न्या, तिथे पाच सेकंद धरा, मग हळू उजवीकडे तेवढंच. हाच प्रकार ओढून-ढकलून. खाच लागली, खरखर लागली, उडी बसली, तर किल्ली-स्विच कितीही देखणे असोत, पैसे खिशात ठेवा. आणि बजेट एकच गोष्ट घेण्याइतकं असेल, तर योकच्या आधी दांडीला पीळ देऊन रडर चालवता येणारी जॉयस्टिक बघा. पेडल नसलेला साधा योक घेतलात तर तिरक्या वाऱ्यात उतरताना तिसरा अक्षच हाताशी नसतो. ज्यांना पुढे शिकायला जायचंय त्यांनी आपल्या स्कूलमध्ये कोणतं विमान आहे ते आधी विचारावं. डायमंड डीए४० असेल तर त्यात योक नसतोच, दांडा असतो.

आणि जो काही घ्याल, त्यावर स्टॉलचा सराव केलात तर डोळ्यांनी करा. वेगाचा काटा बघा, नाक बघा, भोंगा ऐका. त्या क्षणी हात काय सांगतो त्यावर विसंबू नका, कारण बोलते ती स्प्रिंग, आणि तिला हवेतलं काही माहीत नाही.